एका संगणकातील दोन कार्यप्रणाली : जुनी प्रणाली काढून टाकण्याची रीत

विषयप्रवेश

छत्तीसगढ राज्याच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे नाव पोलादाशी कायमचे जोडले गेले आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. मोठ्या कारखान्याच्या आश्रयाने अनेक पूरक उद्योग वाढतात. भिलाईजवळील हथखोज येथील अवजड उद्योगांची वसाहत हे त्याचे उदाहरण होय. अशा वसाहतीत पोलाद कापणे, वाकविणे व जोडणे ही कामे यंत्रशाळेत चालतात; परंतु त्यांचे आराखडे, मालाच्या नोंदी, मजुरीचा हिशेब व कराची पत्रके कचेरीतील संगणकात असतात. म्हणून संगणकाची देखभाल हा आता यंत्राच्या देखभालीइतकाच महत्त्वाचा विषय झाला आहे.

अशा एखाद्या कचेरीत जुना संगणक आहे असे समजावे. तो घेतला तेव्हा त्यात विंडोज ७ ही कार्यप्रणाली होती. पुढे तिच्या शेजारी लिनक्स वर्गातील दुसरी प्रणाली बसविण्यात आली. संगणक सुरू करताच पडद्यावर दोन नावे दिसतात व त्यांपैकी एक निवडावे लागते. काही वर्षांनी जुन्या प्रणालीचा उपयोग उरत नाही, जागा मात्र ती अडवून बसते. ती काढून टाकावी असा विचार साहजिकच मनात येतो. हे काम दिसते तितके सरळ नाही. त्यात कोठे धोका आहे व तो कसा टाळता येतो, हे ह्या पाठात विशद केले आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय

संगणकाची स्मृती, साठवण, पडदा, कळफलक व छपाईयंत्र ह्या सर्वांचा कारभार पाहणारा आणि इतर कार्यक्रमांना त्यांचा वापर करू देणारा जो मूळ कार्यक्रम, त्यास ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. आरंभीच्या संगणकांत असा कारभारी नव्हता. प्रत्येक काम माणसालाच यंत्रावर चढवावे लागे. १९५६ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन ह्या कंपन्यांनी आयबीएम ७०४ ह्या यंत्रासाठी जी प्रणाली तयार केली, ती प्रत्यक्ष वापरात आलेली पहिली कार्यप्रणाली मानली जाते. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा स्वदेशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये चालू झाला. त्या काळी एकाच यंत्रात दोन कार्यप्रणाली नांदतील ही कल्पनाही कोणी केली नसती.

आज ते सहज शक्य आहे. संगणकाच्या साठवण चकतीचे, म्हणजे हार्ड डिस्कचे, अनेक भाग पाडता येतात. अशा भागास पार्टिशन अथवा विभाग म्हणतात. एका विभागात एक प्रणाली व दुसऱ्यात दुसरी, अशी त्यांची स्वतंत्र बिऱ्हाडे असतात. मात्र एका वेळी एकच प्रणाली चालते. दुसरी तोवर निद्रिस्त असते. विंडोज वापरणाऱ्या अनेक कचेऱ्यांनी लिनक्सचा परिचय ह्याच मार्गाने करून घेतला आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॅक' ह्या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती लिनक्स वर्गातीलच असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते.

जुनी प्रणाली का काढावी

प्रत्येक प्रणालीस तिच्या निर्मात्याकडून काही काळ दुरुस्त्या मिळतात. तो काळ संपला की नव्याने उघडकीस आलेली छिद्रे बुजविणारे कोणी राहत नाही. विंडोज एक्सपीचा असा काळ ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा सर्वसाधारण काळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

दुरुस्ती न केल्याचा परिणाम १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिला. 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी कार्यक्रम त्या दिवसापासून दीडशेहून अधिक देशांत पसरला व संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. ज्या छिद्रातून तो शिरत होता, त्यावरील दुरुस्ती तत्कालीन प्रणालींसाठी त्याच वर्षी मार्च महिन्यातच प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते त्याच्या तडाख्यात सापडले. निद्रिस्त प्रणालीवर असा हल्ला होत नाही हे खरे. पण कोणी चुकून ती निवडली व संगणक जाळ्याशी जोडलेला असला, तर त्या क्षणापासून धोका सुरू होतो.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. कातयंत्रास किंवा कापयंत्रास सूचना पाठविणारा जुना कार्यक्रम पुष्कळदा जुन्या प्रणालीवरच चालतो. यंत्र अजून कामाचे असेल व तो कार्यक्रम नव्या प्रणालीवर चालत नसेल, तर जुनी प्रणाली काढू नये. तो संगणक जाळ्यापासून तोडून केवळ त्या यंत्रासाठी राखून ठेवावा.

संगणक जागा कसा होतो

विद्युत्‌प्रवाह सुरू होताच संगणकास आपली कार्यप्रणाली कोठे आहे हे ठाऊक नसते. मुख्य फलकावरील एका चकतीबाह्य स्मृतीत एक लहानसा कार्यक्रम कायमचा लिहिलेला असतो. तो प्रथम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्यास बायॉस म्हणतात, नव्यांत यूईएफआय.

बायॉस चकतीचा अगदी पहिला कप्पा वाचतो. हा कप्पा ५१२ बाइटांचा असतो. त्यांपैकी ४४६ बाइटांत आरंभीच्या सूचना, ६४ बाइटांत विभागांचा तक्ता व उरलेल्या २ बाइटांत ओळखचिन्ह असते. तक्त्यातील प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणून मुख्य विभाग चारच होऊ शकतात. ५१२ बाइटांच्या कप्प्यांच्या चकतीवर ह्या तक्त्याची मजल सुमारे २.२ लक्ष कोटी बाइटांपर्यंतच पोहोचते. ४४६ बाइटांत संपूर्ण कार्यप्रणालीस जागे करण्याइतक्या सूचना मावत नाहीत. त्या केवळ पुढील मोठ्या सूचनांचा पत्ता सांगतात. ह्या साखळीस बूटलोडर अथवा आरंभक म्हणतात, आणि दोन नावांची निवड-सूची पडद्यावर आणणारा तोच असतो. लिनक्स वर्गात 'ग्रब' हा आरंभक सर्वपरिचित आहे.

यूईएफआयची रीत निराळी आहे. तीत चकतीवर एक छोटा स्वतंत्र विभाग आरंभासाठी राखलेला असतो. प्रत्येक प्रणालीचा आरंभक त्यात आपापल्या कप्प्यात राहतो, व त्यांची नावे मुख्य फलकाच्या स्मृतीत नोंदविलेली असतात. विभागांचा तक्ताही मोठा असून त्याची एक प्रत चकतीच्या शेवटी ठेवलेली असते.

मर्म कोठे आहे

एवढे समजले म्हणजे कामाचे मर्म ध्यानात येते. निवड-सूची ही दोन्ही प्रणालींची सामायिक देवडी आहे. पण तिचा देवडीवाला बहुधा दोहोंपैकी एकीच्याच घरात राहतो. ज्या घरात तो राहतो तेच पाडले, तर शाबूत असलेल्या दुसऱ्या घरातही प्रवेश करता येत नाही. म्हणून काहीही पुसण्यापूर्वी 'आरंभक कोणाच्या विभागात आहे?' हा प्रश्न सोडविला पाहिजे. त्याचे मुख्य चार प्रकार संभवतात.

पहिला प्रकार : बायॉस असलेल्या यंत्रात विंडोज जुनी व लिनक्स नवी. येथे सूची ग्रबची असते व ग्रब लिनक्सच्या विभागावर अवलंबून असतो. विंडोजचा विभाग काढल्याने त्यास बाधा येत नाही. नंतर ग्रबची सूची नव्याने तयार करण्याची आज्ञा दिली म्हणजे नाहीसे झालेले नाव सूचीतूनही जाते.

दुसरा प्रकार : लिनक्स जुनी व विंडोज राखावयाची. येथे बायॉसच्या यंत्रात लिनक्सचा विभाग पुसला की पहिल्या कप्प्यातील सूचना ज्या ठिकाणी बोट दाखवितात ते ठिकाणच उरत नाही. संगणक सुरू केल्यावर 'ग्रब रेस्क्यू' अशी ओळ दिसून काम थांबते. म्हणून प्रथम विंडोजच्या दुरुस्ती-माध्यमावरून तिचा स्वतःचा आरंभक पहिल्या कप्प्यात परत लिहावा, विंडोज थेट सुरू होते हे पाहावे व मगच लिनक्सचा विभाग काढावा.

तिसरा प्रकार : दोन्ही विंडोज, उदाहरणार्थ एक्सपी जुनी व ७ नवी. हा सर्वांत फसवा होय. नव्या विंडोजचा आरंभक तिच्या स्वतःच्या विभागात न जाता 'सक्रिय' अशी खूण असलेल्या विभागात जातो, आणि ती खूण बहुधा जुन्या एक्सपीच्या विभागावरच असते. तो विभाग साफ केला की नवी विंडोजही उठत नाही. उपाय असा की, आरंभाच्या फाइली 'बीसीडीबूट' ह्या आज्ञेने नव्या विभागात उतरवाव्यात, सक्रियतेची खूण त्या विभागास द्यावी, संगणक पुन्हा सुरू करून पाहावा व त्यानंतरच जुन्यास हात लावावा.

चौथा प्रकार : यूईएफआय. येथे आरंभाचा छोटा विभाग दोघींचा सामायिक असतो. तो बहुधा १०० ते ५०० मेगाबाइटांचा असून निरुपयोगी तुकड्यासारखा दिसतो. पण तो कधीही पुसू नये. त्यातील जुन्या प्रणालीचा कप्पा व मुख्य फलकावरील तिची नोंद एवढेच काढावयाचे असते.

पुसण्यापूर्वी काय वाचवावे

प्रणाली पुन्हा बसविता येते. दहा वर्षांचे आराखडे पुन्हा काढता येत नाहीत. हिशेबांच्या बाबतीत तर कायद्याचेही बंधन आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय दिनांकापासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपन्यांना ती आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात.

म्हणून सर्व कागदपत्रांच्या किमान दोन प्रती निराळ्या साधनांवर घ्याव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. केवळ 'दस्तऐवज' नावाचा कप्पा उतरविणे पुरेसे नाही. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली, पत्रव्यवहाराचा साठा, ब्राउझरमधील परवलीचे शब्द व हिशेबाच्या कार्यक्रमाने आपल्याच कप्प्यात ठेवलेली माहिती ह्यांचा बहुतेकांस विसर पडतो. विकत घेतलेल्या आराखडा-कार्यक्रमाचा परवाना जुन्या प्रणालीशी बांधलेला असेल, तर तो तेथून आधी मोकळा करून घ्यावा. विंडोजची चकती 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. कारण आरंभाच्या रचनेत फरक पडताच ती मागितली जाते.

विंडोज ८ पासूनच्या प्रणाली 'बंद' केल्यावरही पुष्कळदा अर्धवट निजलेल्या असतात. त्या स्थितीत त्यांचा विभाग लिनक्समधून उघडल्यास तो बहुधा केवळ वाचता येतो, व त्यातील काही बदल अपुरे लिहिले गेलेले असू शकतात. यास्तव प्रती घेण्यापूर्वी जुनी प्रणाली पूर्णपणे बंद करावी. प्रत घेतली म्हणजे ती उतरली असे मानू नये. नव्या प्रणालीत तिच्यातील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

जुन्या मराठी दस्तऐवजांचा प्रश्न

मराठी वाचकांच्या दृष्टीने येथे एक विशेष अडचण आहे. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक 'इस्की' १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. तरीही पुढे अनेक वर्षे कचेऱ्यांतील व छापखान्यांतील मजकूर 'श्रीलिपी', 'आकृती' अशा संचांतील ठशांवर जुळविला जात असे. ह्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असतात. तो ठसा संगणकात असेपर्यंत मजकूर शुद्ध मराठी दिसतो. ठसा नाहीसा झाला की तोच मजकूर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक पसारा बनतो. फाइल सुरक्षित असते, पण वाचता येत नाही.

जुनी प्रणाली गेली म्हणजे तिच्यातील ठसे व तो मजकूर उघडणारा कार्यक्रम हेही जातात. एखाद्या मंडळाची इतिवृत्ते, वाचनालयाची ग्रंथसूची किंवा शाळेच्या हस्तलिखिताचा मजकूर अशा रीतीने मुका होऊ शकतो. म्हणून जुनी प्रणाली चालू असतानाच सर्व मराठी दस्तऐवज युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत, आणि महत्त्वाच्या कागदांची मुद्रणयोग्य प्रत पीडीएफ स्वरूपातही काढून ठेवावी. तीत अक्षरांच्या आकृत्या बहुधा फाइलीतच अंतर्भूत असतात.

रूपांतर झाल्यावर मजकूर मुळाशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. ठशांच्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठविली जाते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार व जोडाक्षरे ह्यांतही असाच क्रमबदल करावा लागतो. रूपांतराचा कार्यक्रम येथेच अडखळतो, आणि आडनावे व गावांची नावे बिघडतात. हे दोष जुनी प्रणाली समोर असतानाच पकडता येतात.

प्रत्यक्ष कृती

ही तयारी झाली की कृतीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम नव्या प्रणालीचे आरंभ-माध्यम पेनड्राइव्हवर तयार करून त्यावरून संगणक सुरू होतो ह्याची खात्री करावी. देवडी बंद पडलीच तर आत शिरण्याची तीच खिडकी. दुसरे, नवी प्रणाली आपोआप निवडली जाईल अशी योजना करून एक संपूर्ण महिना जुनी मुळीच न उघडता काम करावे. महिनाअखेरचे पगारपत्रक व कराची पत्रके ह्या काळात येऊन जातात, आणि काही राहून गेले असल्यास ते उघड होते. तिसरे, वर सांगितल्याप्रमाणे आरंभकाची व्यवस्था लावावी. चौथे, विभागांची नावे, आकारमान व क्रम कागदावर उतरवून घ्यावेत. विंडोज ज्यास 'सी' म्हणते त्यास लिनक्स निराळ्या नावाने ओळखते. म्हणून केवळ नावावर न जाता आकारमान व आतील मजकूर पाहून विभाग ओळखावा. दोन चकत्या असतील, तर जिच्यावर राखावयाचे काही आहे तिची जोडणी काम चालू असेपर्यंत काढून ठेवणे उत्तम. पाचवे, मगच जुना विभाग काढावा.

विभाग काढल्याने त्यातील मजकूर तत्काळ नष्ट होत नाही. जुन्या पद्धतीत तक्त्यातील १६ बाइटांची नोंद तेवढी जाते. मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत फिरत्या चकतीवर तसाच राहतो. चुकीचा विभाग काढला गेल्यास ताबडतोब थांबावे, त्या चकतीवर काही लिहू नये, म्हणजे नोंद परत मिळविण्याची आशा असते. घनस्थितीच्या साठवणीत, म्हणजे एसएसडीत, मोकळी झालेली जागा यंत्र स्वतःच साफ करीत असल्याने ही आशा फार थोडी. उलटपक्षी, संगणक विकावयाचा असेल तर विभाग काढणे पुरेसे नव्हे. साठवण नीट पुसली पाहिजे.

मोकळ्या जागेचा विनियोग

मोकळी झालेली जागा राखलेल्या विभागाच्या लगेच पुढे असेल, तर तो विभाग वाढविणे सोपे असते. ती त्याच्या मागे असेल, तर सर्व मजकूर मागे सरकवावा लागतो. ह्या कामास काही तास लागतात, आणि मध्येच वीज गेल्यास संपूर्ण विभाग बिघडू शकतो. म्हणून अखंड विजेची सोय नसेल तर हा उद्योग करू नये. त्या जागेचा स्वतंत्र विभाग करून त्यात कागदपत्रे ठेवणे हा साधा व सुरक्षित मार्ग होय.

शेवटी दोन बारीक गोष्टी तपासाव्यात. लिनक्स सुरू होताना जुना विंडोज विभाग आपोआप जोडला जाईल अशी नोंद एखाद्याने केलेली असते. विभाग गेल्यावर ती नोंद राहिली तर प्रणाली बहुधा ९० सेकंद त्याची वाट पाहते व पुढे जाण्याचे नाकारते. ती ओळ काढून टाकावी. दुसरी गोष्ट घड्याळाची. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स सामान्यतः जागतिक वेळ ठेवते. त्यामुळे दोन प्रणालींच्या संगणकात भारतात नेमका ५ तास ३० मिनिटांचा फरक पडतो, आणि तो टाळण्यासाठी लिनक्सला स्थानिक वेळ पाळावयास सांगितलेले असते. विंडोज गेल्यावर ही तडजोड रद्द करावी.

उपसंहार

एखादी वस्तू काढून टाकणे हे ती बसविण्याहून सोपे असते असा सर्वसाधारण समज आहे. यंत्रशाळेतील जुना खांब काढणारा कारागीर मात्र त्यावर कोणती तुळई टेकली आहे हे आधी पाहतो, दुसरा टेकू देतो व मग घाव घालतो. संगणकातील जुन्या कार्यप्रणालीवरही अनेक गोष्टी टेकलेल्या असतात : आरंभक, हिशेब, परवाने, ठसे व कित्येकदा एखादे चालते यंत्र. त्या एकेक करून नव्या आधारावर नेल्या, की शेवटची पुसण्याची आज्ञा काही क्षणांचे काम राहते. ज्यास हा क्रम समजला, त्यास पुढील प्रत्येक नव्या प्रणालीच्या वेळीही तोच उपयोगी पडेल; कारण आज जी नवी आहे तीही काही वर्षांनी जुनी व्हावयाचीच आहे.